मुलांच्या चालीने

(पालक व शब्बाथशाळेचे शिक्षक यांच्यासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रभाग : उत्पत्ती ३३:१२-१७, अनुवाद ६:४-९ व २०-२५, यहोशवा ४:१-७, मार्क १०:१३-१६.

पाठांतरासाठी : उत्पत्ती ३३:१४ (आपापल्या बायबलमधून पाठ करावे).

पाठाचा उद्देश : लहान मुलाला एकट्याला बरोबर घेऊन, घाई न करता, मोकळ्या हवेत वेळ घालवणे हा ख्रिस्ती संगोपनाचाच एक भाग आहे हे ओळखणे, आणि या महिन्यात तसे करून पाहणे.

प्रस्तावना

आपल्या मंडळ्यांत मुलांसाठी पुष्कळ केले जाते. दर रविवारी शब्बाथशाळा भरते, नाताळात मुलांकडून संवाद बसवून घेतले जातात, सुटीत गाणी व वचने शिकवली जातात. याबद्दल आपण देवाचे आभार मानतो. परंतु हे सर्व समुदायात होते. वीस-पंचवीस मुले एकत्र, त्यांच्यापुढे एक शिक्षक, आणि घड्याळाकडे लागलेले सर्वांचे डोळे! घरीही फारसे निराळे नसते. जेवण, अभ्यास, अंघोळ, झोप या सगळ्यांत आईबापांचे बोलणे चालू असते, पण ते बहुधा सूचनांचे असते.

आपल्या घरातील पाच-सहा वर्षांच्या मुलाला जर कोणी विचारले, “मागच्या महिन्यात आई किंवा बाबा फक्त तुला घेऊन, कोणतेही काम न काढता, कुठे फिरायला गेले होते काय?” तर बऱ्याच घरांत उत्तरासाठी थांबावे लागेल. मुलांवर आपले प्रेम नाही असे मुळीच नाही. पण प्रेमालाही वेळ द्यावा लागतो, आणि पवित्र शास्त्राने याविषयी आपल्याला अंधारात ठेवलेले नाही.

१. याकोबाची चाल

उत्पत्तीच्या तेहेतिसाव्या अध्यायात दोन भावांची भेट आहे. एसाव चारशे माणसे घेऊन आला आहे. समेट झाल्यावर तो म्हणतो की आता आपण बरोबरच जाऊ. याकोब नम्रपणे नकार देतो. तो सांगतो की माझी मुले सुकुमार आहेत, मेंढरे व गाईगुरे पाजती आहेत. एक दिवस जरी त्यांना दामटले तरी कळप मरेल. धन्याने पुढे व्हावे. मी मागून, जनावरांना व मुलांना झेपेल अशा चालीने सावकाश येतो.

कोणी म्हणेल की हा याकोबाचा बहाणा होता. त्याच्या मनातून एसावाचे भय गेले नव्हते, आणि पुढे तो सेईरास न जाता सुक्कोथाकडे वळला हे सतराव्या वचनात दिसतेच. तरीही त्याने दिलेले कारण खोटे नव्हते, आणि एसावालाही ते पटले, कारण दोघेही गुराढोरांतले मनुष्य होते. पांढुर्णा व सौंसरकडच्या आमच्या वाचकांना हे फोड करून सांगायला नको. व्यायलेली गाय आणि तिचे तान्हे वासरू बाजारापर्यंत चालवत न्यायचे असेल तर धनी आपली चाल सोडतो आणि वासराची चाल धरतो. वासरासाठी आपण जे करतो ते लेकरासाठी करतो काय, एवढाच प्रश्न आहे.

घरापासून चर्चपर्यंतची दहा मिनिटांची वाट मुलाला अर्ध्या तासाची असते. त्याला मुंग्यांची रांग दिसते, पडलेले पीस सापडते, डबक्यात आभाळ दिसते. आपण त्याचा हात ओढतो आणि म्हणतो, “चल लवकर.” दिवसभरात मुलाच्या कानांवर सर्वांत जास्त वेळा पडणारे शब्द बहुधा हेच असतील. चारशे माणसांसह चालणाऱ्या एसावाची चाल आपल्या अंगवळणी पडली आहे. या पाठात आपल्याला याकोबाची चाल शिकायची आहे.

२. आधी प्रश्न, मग पाठ

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवण्याचे चार प्रसंग सांगितले आहेत : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. यांपैकी बसण्याचा प्रसंग आपण चांगला सांभाळला. बाके मांडली, वर्ग भरवले. वाटेने चालण्याचा प्रसंग मात्र आपल्या हातून सुटत चालला आहे.

आता त्याच अध्यायाचे विसावे वचन पाहावे. तेथे पुढे कधीतरी मुलगाच बापाला विचारतो की या आज्ञांचा अर्थ काय, आणि मग बाप मिसराची गोष्ट सांगतो. वल्हांडणाच्या विधीविषयी निर्गम १२:२६ मध्ये हाच क्रम आहे, आणि यार्देनेतून आणलेल्या बारा धोंड्यांविषयी यहोशवा ४:६ मध्येही हाच. तीन ठिकाणी मुलाचा प्रश्न आधी येतो आणि वडिलांची शिकवण त्यामागून येते.

प्रश्न घंटा वाजवून येत नाही. मुलाला घेऊन फिरायला निघणाऱ्यांना अनुभव असेल की पहिली काही मिनिटे मूल बडबड करते, धावते, काहीतरी मागते. मग ते शांत होते. बराच वेळ काहीच घडत नाही, आणि आपल्याला वाटते की वेळ फुकट गेला. तेवढ्यात त्याच्या तोंडून असा एखादा प्रश्न निघतो की आपण चकित व्हावे : “आजी आता कुठे असेल?” “देवाला अंधार दिसतो का?” वर्गात हा प्रश्न निघाला नसता. तेथे दुसरी मुले हसतील ही भीती असते. घरात तो मोठ्या भावंडासमोर निघाला नसता, कारण मोठे भावंड तत्काळ उत्तर देऊन मोकळे होते. एकान्त, मोकळी जागा आणि वेळ ही तिन्ही जमली म्हणजेच असा प्रश्न बाहेर येतो. म्हणूनच घाई न करणे हा आळस नव्हे. शिकवण पेरण्याआधी जमीन तयार होऊ देणे हे शेतकऱ्याचे पहिले काम आहे.

३. एकेकाला वेळ

मार्काच्या दहाव्या अध्यायात लोक बालकांना प्रभूकडे आणतात. शिष्यांना घाई आहे; त्यांना हे मध्येच आलेले काम वाटते. येशूला राग येतो तो शिष्यांचा. सोळाव्या वचनात तो बालकांना जवळ घेऊन, त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. एवढे लक्षात घ्यावे की समुदायाला दुरून हात वर करून आशीर्वाद देता येतो; पण कवेत घ्यायचे तर एकेकालाच घ्यावे लागते. आणि हे तेव्हाचे आहे, जेव्हा प्रभू यरुशलेमेच्या वाटेवर, वधस्तंभाकडे निघालेला होता. त्याच्याइतके मोठे काम आपल्यापैकी कोणाच्याही डोक्यावर नाही.

मंडळीच्या इतिहासातही याचे एक सुंदर उदाहरण आहे. इंग्लंडमधील एपवर्थ गावच्या पाळकाची पत्नी सुझाना वेस्ली हिला एकोणीस मुले झाली. त्यांपैकी नऊ तान्हेपणीच गेली. घरात गरिबी होती आणि कामाला अंत नव्हता. तरीही तिने आठवड्याच्या संध्याकाळी मुलांत वाटून दिल्या होत्या, हे तिने १७१२ साली आपल्या पतीला लिहिलेल्या पत्रावरून कळते. प्रत्येक मुलाशी त्याच्या ठरलेल्या संध्याकाळी ती एकान्तात बोलत असे. जॉनचा वार गुरुवार, चार्ल्सचा शनिवार. हा जॉन पुढे मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक झाला, आणि चार्ल्स हजारो भक्तिगीतांचा कर्ता. मोठेपणी जॉनने आईला लिहिलेल्या पत्रात त्या गुरुवारच्या संध्याकाळची आठवण काढली आहे. एकोणीस बाळंतपणे सोसलेल्या आईने हे साधले. ज्यांच्या घरी दोन-तीन मुले आहेत त्यांना हे अगदीच अशक्य नाही.

४. जामच्या काठचे दगड

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि पांढुर्णा व सौंसर हे दोन्ही तालुके त्यात आले. जाम आणि कन्हान या येथल्या नद्या. पांढुर्ण्याचे नाव बाहेर घेतले की लोकांना जामच्या पात्रातील गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरचे लोक एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. दरवर्षी अनेक जण जखमी होतात, आणि आजवर काहींचे प्राणही गेले आहेत. ज्या घरातील माणूस गेले, त्या घराचे दुःख सर्व गावाचे आहे. कोणाला नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. परंतु येथले मूल हे सर्व पाहते आणि विचारते, “ते दगड का मारतात?”

या प्रश्नाला त्या दिवशीच्या गर्दीत उत्तर देता येत नाही. पाणी ओसरल्यावर, एखाद्या हिवाळ्याच्या सकाळी, मुलाला घेऊन काठावर बसावे. त्याला दगड गोळा करू द्यावेत. गुळगुळीत कोणता, खरबरीत कोणता, पाण्यात भिजल्यावर रंग कोणाचा बदलतो हे त्यालाच शोधू द्यावे. मूल आपण होऊन एकावर एक दगड रचू लागते. हे कोणी शिकवावे लागत नाही. तो प्रश्न पुन्हा आला तर यार्देनेच्या बारा धोंड्यांची गोष्ट सांगावी. तेही नदीच्या पात्रातलेच दगड होते, पण ते उचलले होते आठवणीसाठी. त्याच दगडाने डोके फुटते आणि त्याच दगडाने साक्षही उभी राहते, हे हातात दगड असताना मुलाला जितके कळेल तितके फळ्यासमोर कळणार नाही.

दगड पाहणे हे सेवकाच्या कामाबाहेरचे आहे असे समजू नये. १८४५ साली नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप शाळा चालवत, उपदेश करत, आणि वाटेने जाता-येता दगड उचलून पाहत. त्यांनी व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरच्या परिसरातील खडक व अश्मीभूत अवशेष यांवर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज सर्वांना माहीत आहे. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे तर लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये सापडलेली दगड झालेली लाकडे व फळे शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाली आहेत. ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची मानतात. आपली कपाशीची काळी माती त्याच लाव्हाच्या खडकाची झीज होऊन झालेली आहे. मूठभर काळी माती हातात घेऊन मुलाला एवढे सांगितले तरी तो तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहील. स्तोत्र ९० मधला देवाच्या अनादिपणाचा विचार मोठ्या माणसालाही याहून अधिक जवळून कळत नाही.

५. संत्र्याच्या पानावरची अळी

आपल्या भागात संत्र्याची बाग कोणाची तरी असतेच. नसेल तर अंगणात लिंबाचे झाड असते. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहाराची फुले येतात तेव्हा वाटेने जातानाही सुगंध येतो. पावसाळ्यात कोवळी पालवी फुटली की पानांवर एक अळी दिसते. लहान असताना ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पाखरे तिला खात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. काडीने हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पुढे तिचा कोश होतो, आणि त्यातून काळ्या-पिवळसर ठिपक्यांचे फुलपाखरू निघते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत हे सारे साधारण महिन्याभरात घडते. दर आठवड्याला त्याच झाडाजवळ त्याच मुलाला नेले तर हा संपूर्ण पाठ देवच शिकवतो; आपण फक्त शेजारी उभे राहायचे.

पण येथेच कठीण प्रश्न उभा राहतो. हीच अळी रोपांची पाने फस्त करते आणि बागवान तिच्यावर फवारणी करतो. मूल विचारील, “देवानेच केली ना? मग बाबा तिला का मारतात?” अशा वेळी बरेचजण घाईने काहीतरी बोलून प्रश्न मिटवतात. आमचे सांगणे असे की मिटवू नये. रोप वाचले तर घर चालेल हे खरे आहे. अळी सुंदर आहे हेही खरे आहे. सृष्टी कण्हत आहे असे पौल रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सांगतो. ते कण्हणे संत्र्याच्या पानावरही ऐकू येते. “याचे पूर्ण उत्तर मलाही ठाऊक नाही, पण तू विचारलेस ते बरे केलेस,” असे बापाच्या तोंडून ऐकलेले मूल पुढे मोठेपणी संकटात सापडले तर आपला प्रश्न घेऊन घरी येईल, आणि देवाकडेही जाईल. ज्याचे प्रश्न लहानपणी झटकले गेले ते मूल प्रश्न विचारणे सोडते, आणि पुष्कळदा त्याबरोबर मंडळीही सोडते. तरुण मंडळीत का टिकत नाहीत याची चर्चा आपण सभांमधून करतो. तिचे मूळ कधीकधी इतक्या मागे असते.

६. नावे ठेवण्याचा आनंद

आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट आहे. घरी मराठी, शाळेत बहुधा हिंदी किंवा इंग्रजी. त्यामुळे मुलाला चित्रातील प्राण्यांची नावे येतात, पण कुंपणावरच्या पाखराचे नाव येत नाही. देवाने आदामापुढे पशुपक्षी आणले ते त्याने नावे द्यावीत म्हणून (उत्पत्ती २:१९). सुगरण, टिटवी, बुलबुल, पळस, मोह, बाभूळ ही नावे आजीआजोबांच्या तोंडून वाटेवर ऐकली की ती मुलाची होतात. ज्या भाषेत आपण प्रार्थना करतो, त्या भाषेत त्याला जगही मिळू द्यावे. तीमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता हे पौलाने मुद्दाम लिहिले आहे (२ तीमथ्य १:५). रेव्ह. नारायण वामन टिळकांना मराठी लोक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात. फूल आणि मूल ही जोडी आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत परकी नाही.

७. अडचणींचा विचार

“आम्हांला वेळ कोठे आहे?” हा प्रश्न प्रामाणिक आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत, संत्र्याच्या तोडणीत, कारखान्याच्या पाळीत वेळ काढणे सोपे नाही. मजुरी बुडवून फिरायला जा असे आम्ही म्हणत नाही. आठवड्यातून एकदा, एका मुलाला अर्धा तास, एवढेच पुरे. शेतावर जाताना एखादे दिवशी एकाच मुलाला बरोबर घ्यावे आणि थोडे लवकर निघावे. तेवढ्यानेही चाल बदलते.

तारा मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी कुरणातच शाळा नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मुलाचे काम न मोडता, मूल असेल तेथे मोठ्यांनी जावे, हा त्यांचा धडा श्रमजीवी घरांना फार उपयोगी आहे.

शरीराच्या दृष्टीनेही याचा लाभ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून निदान तीन तास हालचाल व्हावी, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून पडद्याकडे पाहण्याचा वेळ एका तासाहून अधिक नसावा. दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत दूरचे न दिसण्याचा दोष कमी प्रमाणात उद्‌भवतो असेही संशोधनातून दिसले आहे. अर्थात मोबाईल मुलाच्या हातून काढून आपल्या हाती ठेवला तर काहीच साधत नाही. तो खिशात बंद असावा.

सावधगिरीही हवी. पावसाळ्यात नदीनाल्याच्या पात्रात उतरू नये. वरच्या बाजूला पाऊस झाला की पूर अचानक येतो. कठडा नसलेल्या विहिरींपासून दूर राहावे. उन्हाळ्यात सूर्योदयानंतरचा पहिला तास निवडावा, पाणी बरोबर घ्यावे, आणि गवतात जाताना पायांत बूट असावेत.

८. शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

एका मुलाला एकट्याला नेणे हे आईबापांचे व आजीआजोबांचे काम आहे. शिक्षकांनी एकट्या मुलाला इतरांच्या दृष्टीआड नेऊ नये. दोन मोठी माणसे असावीत आणि पालकांना आधी कळवलेले असावे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हा नियम सर्व मंडळ्यांनी पाळावा. शिक्षकाचे काम पालकांना उद्युक्त करण्याचे आहे. या महिन्यासाठी पुढील क्रम सुचवतो :

पहिला आठवडा – पालकांनी मुलाला एकट्याला घेऊन निघावे. वाट मुलाने निवडावी. मोठ्यांनी काहीही शिकवू नये.

दुसरा आठवडा – एका जागी बसून राहावे. ऐकू आलेले आवाज मुलाने बोटांवर मोजावेत.

तिसरा आठवडा – मुलाला आवडलेली एक वस्तू, दगड, पीस किंवा गळलेले पान, घरी आणावी. फुले किंवा घरटी तोडू नयेत. ती वस्तू मुलाने रविवारी वर्गात आणून तिच्याविषयी सांगावे, शिक्षकाने ऐकावे.

चौथा आठवडा – मुलाने महिन्याभरात विचारलेला एक प्रश्न पालकांनी लिहून आणावा. उत्तरे मागू नयेत. वर्गात ते प्रश्न वाचून त्यांवर प्रार्थना करावी.

ज्या मुलांचे आईबाप दूर कामाला आहेत किंवा हयात नाहीत, त्यांच्यासाठी काका, मामा, आत्या किंवा धर्ममातापिता यांना मंडळीने आधीच विचारावे. असे एकही मूल रविवारी रिकाम्या हाताने वर्गात बसू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१) याकोबाने मुलांची चाल धरली. आपल्या घरात कोणाची चाल चालते?
२) मुलाचा प्रश्न आधी आणि शिकवण नंतर, हा क्रम आपल्या वर्गात कसा आणता येईल?
३) लहानपणी आपल्याला एकट्याला वेळ देणारे वडीलधारे माणूस कोण होते? त्यांच्यापासून देवाविषयी आपण काय शिकलो?
४) आपल्या मंडळीतील कोणत्या मुलाला असा वेळ देणारे कोणी नाही?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, तू आमच्याबरोबर आमच्या चालीने चालतोस आणि आमच्यामुळे थकत नाहीस. आमच्या लेकरांबरोबर तसेच चालायला आम्हांला शिकव. त्यांचे प्रश्न ऐकायला कान दे, आणि ठाऊक नाही तेथे तसे म्हणायला नम्रता दे. नदीकाठी, शेतात आणि बांधावर ती तुला ओळखोत. येशूच्या नावाने मागतो. आमेन.